वैशालीचे तीन अर्ज

४ जून
मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या कमलताईंचा अकोल्याहून फोन. वसतिगृहात खाटा बारा, मुली पाच. वडील गेलेल्या शेतकरी घरांतल्या मुलींना फुकट राहायची सोय, तरी कोणी नाही! "शमीम, तुया वेबसाइटवर एकबी अर्ज काहून येत नाई वं?" रागच आला. साइट मी करून दिली, तीही हौसेने. म्हटलं, लोकच लिहीत नसतील.

५ जून
बडनेऱ्याला घरी बसून साइटवरचा अर्जाचा फॉर्म भरून पाहिला. दोन मिनिटांत वसतिगृहाच्या खात्यात मेल हजर. पुन्हा भरला, पुन्हा हजर. ताईंना ठणकावलं, माझ्या कामात खोट नाही.

७ जून
भातकुलीला मावशीकडे. नेट कॅफेवाल्या इरफानभाईंना वसतिगृहाच्या अर्जांचं सहज विचारलं. "अरे मॅडम, मीच भरून देल्ले ना सात-आठ पोरींचे फॉर्म!"
ऐकून उडालेच. मेलचा पत्ता कोणता टाकला?
"पोरींपाशी कुठचा मेल? रकाना कोरा ठेवला तं फॉर्म जातच नाई. मंग खाली वसतिगृहाचा पत्ता होता, थोच टाकून देल्ला."
फॉर्म भरणाऱ्याच्याच पत्त्यावरून मेल पाठवतो. म्हणजे वसतिगृहाच्या नावाने वसतिगृहालाच मेल. सर्व्हरने ती खोटी समजून बाजूला टाकली. मी तपासताना दरवेळी माझाच पत्ता टाकत होते! आणि तो रकाना सक्तीचा मीच केलेला.
तिथेच बसून वसतिगृहाची मेल उघडली. नको त्या मेलच्या कप्प्यात, म्हणजे स्पॅममध्ये, लॉटऱ्यांच्या जाहिरातींमध्ये, तेवीस अर्ज; इतर गावांतूनही तीच युक्ती केलेली. ताईंना असा कप्पा असतो हेच माहीत नाही. मला होतं.
वैशाली नावाच्या मुलीचे तीन. पहिला मे महिन्यातला, अकरावीला अकोल्यात राहायचंय म्हणून. शेवटचा परवाचा: "घरी स्थळ पाहून राहिले. जागा नसेल तर तसं कळवा. वाट पाहणं होत नाही."
फोन नंबर नाही. फॉर्ममध्ये विचारलाच नव्हता. काय अक्कल माझी!

८ जून
सकाळी फॉर्म दुरुस्त केला. मग ताईंना सगळं सांगितलं. वाटलं, झोडतील. ताई एवढंच म्हणाल्या, "गाव कोणतं थे सांग. उद्या येतो मी."

९ जून
इरफानभाईंनी घर दाखवलं. वैशालीची आई दारात. ताईंनी कोण ते सांगितल्यावर म्हणाली, "तुमीच तं नाई म्हणाल्या ना?"
आम्ही कधी?
"उत्तर नाई आलं म्हणजे जागा नाई, असं पोरगी म्हणे. मंग तिनंच हो म्हटलं. परवा साक्षगंध आहे."
सोळा वर्षांची पोर, आणि साखरपुडा! ताई म्हणाल्या, खाट रिकामी आहे, आत्ता चाल. आई म्हणे, सकाळी तिचा मामा येईल, त्यालेच विचारा. ताई तिथेच ठाण मांडून बसल्या.
मी बससाठी निघाले तर वैशाली मागे आली. म्हणाली, "मॅडम, माह्यं लिवनं चुकलं होतं का?"
तिचं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं, हे सांगितलं. तिला ते पटलेलं दिसलं नाही.