फाटक आता आतूनही उघडतं

एव्हांद्रोदादा,

घर रिकामं बघून घाबरू नकोस. आई माझ्याबरोबर आहे. तिला धक्क्यावर रिओच्या बोटी बघायच्यात.

फाटकाच्या कुलपाला तू बसवलेल्या वायफायच्या चिपमधला लूआ या संगणकभाषेतला प्रोग्राम मी बदललाय. आई वाट चुकते म्हणून कुलूप फक्त तुझ्या फोनवरून उघडायचं, हे मलाही पटलं होतं. पण आज तुझा फोन लागेना आणि आई गजांना धरून म्हणाली, "निल्झा, आपण काय केलं गं? कुणी कोंडलंय आपल्याला?"

मी सरळ चिपला लॅपटॉप जोडून बसले. एक ओळ चुकली आणि चिप नुसती बंद-चालू होत राहिली. वाटलं, संपलं, आता तू येईपर्यंत आत. आईने विचारलं, हे काय लिहितेस? म्हटलं, लूआ. तिला आपल्या बोलीतला लूआ, आकाशातला चंद्रच वाटला. तर म्हणते, "चंद्राला दिवसाढवळ्या कामाला जुंपलंस, तो चिडणारच!" हसता हसता चूक दिसली.

आता आतून बटण दाबलं की फाटक उघडतं. बटण उंचावर लावलंय, आईचा हात पोचत नाही.

भात आणि घेवड्याची उसळ झाकून ठेवलीय, गरम करून घे.

रागावायचं तर रागाव. पण दादा, कुलूप आईसाठी होतं, तरी आत मीही होते. सोमवारपासून मी परत शाळेत शिकवायला जातेय. आईजवळ कोण थांबणार, ते आज तू सांगायचंस.

निल्झा