फोटो क्रमांक एकवीस आणि बावीस

मी, खाली सही करणारी, वय सत्त्याहत्तर, अविवाहित, सर्वेक्षण कार्यालयातली निवृत्त फोटोवाचक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुतण्याला शंका आलीच तर त्याने तो दोनदा वाचावा. यापूर्वीची मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांत मी त्याच्यावर फार मेहरबान होते.

१. राहता फ्लॅट माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला, म्हणजे भाचीला द्यावा. पुतण्या म्हणाला होता, "आत्या, आधी ही रद्दी काढ, मग घराला किंमत येईल." रद्दी भाचीला जाते आहे, आणि रद्दीबरोबर घरही.

२. पुतण्याला लोखंडी कपाट द्यावं. ते रिकामं आहे आणि त्याची किल्ली हरवली आहे.

३. रद्दी म्हणजे विमानातून काढलेले दोनशे चौदा जुने फोटो. नदी पूर्वी कुठून वाहायची, तळी कुठे होती, रान कुठवर होतं, हे दर पंधरा वर्षांचे फोटो शेजारी ठेवून सांगणं हे माझं काम. कॉम्प्युटर आले तेव्हा नव्या अधिकाऱ्याने गठ्ठे भंगारात काढले. "सगळं स्कॅन झालंय, मॅडम," म्हणाला. निम्मंसुद्धा झालं नव्हतं. मी टेंपो करून गठ्ठे घरी आणले. हा गुन्हा असेल तर आता खुशाल खटला भरावा.

४. टेबलावरचं दोन भिंगांचं यंत्रही भाचीला द्यावं. ती हेच शिकते आहे, तरी लिहून ठेवते. विमानाने पुढे सरकत लागोपाठ काढलेले दोन फोटो त्याखाली ठेवले की जमीन उभी राहते. झाड उंच दिसतं, विहीर खोल दिसते. मात्र डावा फोटो उजवीकडे गेला तर सगळं उलटं होतं आणि खड्ड्याची टेकडी दिसते. आमचे साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बाई, आधी क्रमांक, मग डोळा."

५. आता साहेबांविषयी. नदीकाठी घरं कुठे बांधावीत हे ठरवायला जुन्या फोटोंवरून अहवाल मागवला होता. तो मी लिहिला, साहेबांनी सही केली. बहिणीला तिथेच प्लॉट घ्यायचा होता. ती ऑफिसात येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली होती, जेवायच्या सुट्टीआधी उत्तर हवं म्हणून. मी घाईत एकवीस आणि बावीस ठेवले, क्रमांक पाहिले नाहीत, आणि उंचवटा पाहिला. "प्लॉट डोळे मिटून घे," असं तिला मीच सांगितलं.

अकरा वर्षांनी पूर आला. पाणी बरोबर त्या उंचवट्यावरून आलं, कारण ते नदीचं जुनं पात्र होतं. मेहुणे शेजारच्या म्हातारीला काढायला परत गेले ते आलेच नाहीत. बहिणीने विचारलं, "ताई, तू पाहिलं होतंस ना?" मी म्हणाले, मी बरोबरच लिहिलं होतं, साहेबांनी बदललं.

हे खोटं आहे. चोवीस वर्षं मी ते इतक्यांदा सांगितलं की साहेबांचा मला खरोखर राग येऊ लागला. त्यांच्या निरोप समारंभाला मी गेले नाही. ते वारले तेव्हाही गेले नाही. शाळेत सिस्टरांनी छडी मारून माझा डावरेपणा सोडवला, तेव्हापासून डाव्या-उजव्याचा गोंधळ होतो, ही सबब मी इथे देणार नाही. क्रमांक वाचायला हात लागत नाही.

६. माझ्यानंतर भाचीने एकवीस आणि बावीस यंत्राखाली ठेवून आईला दाखवावेत. आधी माझ्यासारखे, मग नीट.

सही
साक्षीदार: वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य, समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई
स्थळ: माझं जेवणाचं टेबल. शुक्रवार, ७ मार्च २०१४

पुरवणी

कलम सहा रद्द. साक्षीदार गेल्यावर ते पुन्हा वाचलं. मेल्यावर लेकीकडून आईला सांगायचं, हा भित्रेपणा मला दुसऱ्या कुणात दिसला असता तर मी त्याला सोलून काढलं असतं. आज यंत्र पिशवीत घालून बहिणीकडे गेले.

तिने वाकून पाहिलं. मी फोटो बदलले. तिने पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "तुझे साहेब आले होते. पूर ओसरल्यावर, आठवड्याभराने."

हे मला माहीत नव्हतं.

"दारातच उभे होते. म्हणाले, सही माझी, तेव्हा चूक माझी. ताईंना काही विचारू नका. मी त्यांना आत या म्हटलं नाही, ताई. पाणीसुद्धा विचारलं नाही."

तिने मला क्षमा केली की नाही, हे मी विचारलं नाही. चहा केला तिने. कपात साखर नव्हती. मला साखर चालत नाही, हे तिच्या लक्षात आहे.

म्हणून कलम सात. साहेबांच्या मुलाला दोघींच्या सहीचं पत्र उद्याच जाईल, त्यासाठी कुणाच्या मरणाची वाट पाहू नये. फोटो बहिणीला घरात नकोत. ते भाचीकडेच राहावेत. एकवीसच्या मागे 'डावा' आणि बावीसच्या मागे 'उजवा' असं मी लिहिलं आहे. साहेबांनी तेच फोटोंच्या पुढच्या बाजूला, कोपऱ्यात, बारीक पेन्सिलीने, आधीच लिहून ठेवलं होतं.

सही
साक्षीदार: तेच दोघे
रविवार, १६ मार्च २०१४