कुठल्याच कुळात न बसणारा तुडतुडा

दौंड,
१६ सप्टेंबर २०२५

ती. बबनमामांस,
मायाचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर तुम्हांला नीट ऐकू येत नाही, म्हणून हौसरावांच्या दुधाच्या टेम्पोतून चिठ्ठी पाठवते. माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तुम्ही इनामगावहून जे तुडतुडे धरून पाठवलेत, त्यातला आठव्या डबीतला कुठल्याच कुळात बसत नाही! कूळ ओळखायचं तर पंखांच्या शिरा आणि मागचे पाय बघतात. याच्या शिरेवर बारीक दाणे आहेत, ती एका कुळाची खूण. पण नडगीच्या टोकाला हलणारा काटा आहे, आणि तो दुसऱ्याच कुळात असतो. मागचा एकच पाय शिल्लक आहे, पण तेवढा पुरे.

माझे प्रबंधाचे सर दोन दिवस सूक्ष्मदर्शकापासून हलले नाहीत. शनिवारी पुण्यात कीटकतज्ज्ञांची बैठक आहे, तिथं ते माझ्या नावानं हा किडा मांडणार आहेत. आई आत्तापासून गल्लीभर सांगत सुटली आहे. हे सगळं तुमच्यामुळं, मामा. मामींना जय भीम.

भाचीवरची माया अशीच राहू द्या.

आपली,
माया

---

इनामगाव,
१८ सप्टेंबर

चि. माया हिस अनेक आशीर्वाद.

पोरी, पत्र मिळाल्याबरोबर सरांना थांबव. तो पाय त्या किड्याचा न्हाई.

डबीत ठेवताना मागचे दोन्ही पाय माझ्या बोटांत गळाले. तू म्हणाली व्हतीस, मागच्या पायाबिगर किडा फुकट. तसला दुसरा काय घावला न्हाई. मग शिरूरच्या माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात भिंग डोळ्याला लावलं, दुसऱ्या तुडतुड्याचा पाय काढला आन् बाभळीच्या डिंकाचा सुईच्या टोकाएवढा ठिपका देऊन चिकटवला. वाटलं, तुडतुडा तो तुडतुडा. पाय लागतो एवढं ठाव, पायावरनं कूळ ठरतं हे कुठं ठाव?

तुझं पत्र वाचलं आन् ध्यानात आलं. भरल्या सभेत कुणाला डिंक दिसला तर लोक म्हंतील, पोरीनंच लबाडी केली. दोनदा फोन हातात घेतला आन् परत ठेवला. तुझी मामी सिंधू म्हणाली, मग लिहा, आन् आत्ताच्या आत्ता हौसरावाला गाठा. सरांना माझं नाव सांग, तुझ्या अंगावर घेऊ नको.

माझ्यावर रागव, पर मामाला टाकू नको.

तुझा,
बबनमामा

---

दौंड,
२१ सप्टेंबर

ती. मामांस,
मायाचा सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र शुक्रवारी सकाळी मिळालं. खरं सांगते, आधी रडले आणि तुमच्यावर चिडलेही. तशीच उठून सरांकडं गेले आणि पत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते वाचलं. मग त्यांनी कोमट पाण्याचा थेंब सांध्यावर सोडला. दहा मिनिटांत पाय अलगद सुटला. सर खुर्चीत मागं टेकले, वाचलो म्हणाले, आणि मग इतके हसले की शिपाई काय झालं म्हणून बघायला आला. तीस वर्षं किडे बघतात, पण त्यांनाही सांधा दिसला नव्हता. शनिवारी हेच उघडं पडलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती, असं ते म्हणाले. पुण्याला गेलेच नाहीत.

पंखावरून कूळ मात्र नक्की झालं, दाणेदार शिरांचंच. नवा वगैरे काही नाही तो, पण आमच्या कॉलेजच्या संग्रहात त्या कुळाचा एकही नव्हता. आता आहे. त्याच्या खालच्या चिठ्ठीवर सरांनी स्वतः लिहिलं: इनामगाव, ओढ्याकाठचं गवत, संकलक बबनराव. तुम्हांला भेटायला बोलावलंय त्यांनी. रागवायला नाही, खरंच नाही.

राग शुक्रवारीच संपला. तुम्हीही मनात काही ठेवू नका.

आपली,
माया

---

इनामगाव,
२४ सप्टेंबर

चि. माया हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सिंधूला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या वक्ताला ती हसत हसत मधीच रडाय लागली. पाच दिवस घास उतरत नव्हता, काल दोन भाकरी खाल्ल्या. तुझ्या आईला म्हणावं, गल्लीत आता काय सांगायचं ते खुशाल सांग.

रविवारी पहिल्या गाडीनं येतो. सरांच्या पाया पडायचं न्हाई, तू तसं आधीच बजावशील म्हणून लिहितो. जय भीम घालीन आन् गप बसीन. फकस्त ते शिरेवरचे दाणे मला एकदा दाखव. किडा धरला मी, पर बघितलास तू.

जीव लावत ऱ्हा.

तुझा,
बबनमामा