दुपारी लोड कोणी उतरवायचा

आबा, औष्णिक वीज केंद्रातला तुमचा संच बंद होणार आहे. दुरुस्तीसाठी नाही, कायमचा. धाकटा त्याच संचाच्या बॉयलरवर कंत्राटी कामगार आहे. तुम्ही गेलात तेव्हा तो शाळेत होता, म्हणून सांगते. संच गेला की त्याचं काम जाईल. या वयात त्याला दुसरीकडे कोण घेणार, हे त्यालाही कळत नाही आणि मलाही. आई देवपूरला मामाकडे असते. तिला अजून कोणी बोललेलं नाही.

इंजिनिअरिंगच्या सुट्टीत तुम्ही मला परवानगी काढून कंट्रोल रूममध्ये नेलं होतं. सकाळची पाळी. लोड उतरवा, म्हणजे वीज कमी करा, असा वरून फोन येतो. तुम्ही कोळसा दळणारी एक चक्की बंद करता, थांबता, निळ्या काचेतून भट्टीतली ज्योत पाहून येता, मग दुसरीकडे वळता. फोन पुन्हा वाजतो. मी म्हणते, "आबा, एकदम उतरवा ना." सगळ्यांसमोर तुम्ही म्हणता, "हाई काय रॉकेलना स्टोव्ह शे? ज्योत इझनी तं साहेबले तू सांगशी?" सगळे हसतात. माझे कान तापतात. संध्याकाळी तुम्ही अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होता. काड्या मागे ओढायच्या, पुन्हा सारायच्या, मन सगळं त्या जाळावर. सकाळच्या बोलण्याबद्दल काही म्हणाला नाहीत. भरीत आधी माझ्या ताटात वाढलंत.

मी अणुवीज केंद्रात लागले ते तुम्ही पाहिलं नाही. आमची आग वेगळी आहे. ती कमी करता येते, पण केली की अणुभट्टीत एक वायू साचत जातो आणि तोच तिला परत वर येऊ देत नाही. फार उतरवली तर पार बंद पडते, आणि तो वायू आपोआप विरेपर्यंत दिवस-दीड दिवस नुसतं बसून राहावं लागतं. काही देशांत अशी केंद्रं रोज वरखाली होतात. ती तशीच बांधलेली आहेत, माणसंही तशी तयार केलेली आहेत. आमचं केंद्र एका पातळीवर चालण्यासाठी बांधलेलं आहे. शिवाय आमचा खर्च बांधण्यात होऊन गेलेला असतो. आग कमी केली तर वाचत जवळजवळ काहीच नाही.

शिंदखेड्याकडे आपल्या गावाबाहेरच्या माळावर आता नजर पोचेल तिथपर्यंत सौर पॅनल आहेत. दुपारी वीज जास्त होते, सूर्य मावळला की कमी पडते. मग दुपारी कोळशाला मागे सरायला सांगतात. तुमचा संच जुना. इतक्या कमी कोळशावर त्याची ज्योत टिकत नाही. रोजच्या तापण्या-निवण्याने बॉयलरच्या नळ्या फुटतात. धाकटा त्याच जोडत असतो. दिवाळीला म्हणाला, "अक्का, तुमनी भट्टी बठ्ठासनी लाडकी शे. दुपारले ती हालत नही, म्हनीसन आम्हले झुकनं पडस." मी हसले. तो हसला नाही.

त्यानंतर आम्हाला वरून विचारणा आली. दुपारी उत्पादन कमी करून संध्याकाळी पुन्हा वाढवता येईल का? उत्तर लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. थोडं, क्वचित, सावकाश जमेल. रोज नाही, असं मी लिहिलं. संच बंद करायचं ठरण्यामागे कारणं बरीच होती. माझं उत्तर त्यांतलं एक.

परवा धाकट्याचा फोन आला.

"तुम्हले इचारेल व्हतं ना? काय सांगं?"

"नाही म्हणून कळवलं."

"कोनी लिखं?"

"मी."

 त्याच्या मागे कोणीतरी ग्राइंडर चालवत होतं. मग म्हणाला, "तू लिखं ना? मंग बरोबरच व्हई," आणि जेवायची सुट्टी संपली म्हणून फोन ठेवला.

तो भांडला असता तर मला काही बोलता आलं असतं. तुम्ही असता तर त्याच्या बाजूने दोन शब्द मला सुनावले असते, आणि मी ऐकून घेतले असते. आता ते करायला कोणी नाही. हे सगळं समजेल असं माणूस एकच उरलंय, आणि त्याला मी हे वाचायला देणार नाही.

आबा, काल मी ते उत्तर पुन्हा पहिल्यापासून तपासलं. कुठेतरी चूक सापडावी म्हणून. सापडली नाही.