स्वेटरला लावलेली कात्री

आई,

मी पाठवलेल्या स्वेटरच्या बाह्या कापल्यास आणि वर मलाच म्हणतेस, "तूच कच्चं काम केलंस!" अगं, बाबांना बाह्या लांब झाल्या तर दुमडायच्या होत्या. पण हातात कात्री आली की तुला दम कुठला! शिवणकामात कापलं, दुमडलं, टीप मारली की झालं. हे विणकाम आहे, आई. एकाच लोकरीचे फेरे एकमेकांत अडकवलेले असतात. एक तुटला की पुढचे सुटत जातात. त्यावर तू मशीन मारलीस. बाबा म्हणाले, "बाही कसली, कोंबडीचा पंख झालाय."

भरतकाम कापडावर होतं, शिवण कापडाला कापड जोडते, आणि आम्ही विणणारे लोकरीतून अख्खं कापडच उभं करतो. फोनवर किती वेळा सांगितलं. तुझं आपलं एकच पालुपद, "सुई ती सुई. घरी ये आणि माझ्या मशीनवर बस."

इथे स्वेटरच्या कारखान्यात मशीनच विणते, मी नुसते तुटलेले धागे जोडतो. हा स्वेटर मात्र मी हातानं विणला होता, आयुष्यातला पहिला. हे कळलं तर तू रडत बसशील, म्हणून हे पत्र टाकणार नाही.

तुझं कापड एकदा कापलं की कापलं. माझं उसवून पुन्हा विणता येतं. तेव्हा स्वेटर आणि बाबांच्या हाताचं माप पाठव, एवढंच फोनवर सांगेन.

तुझा,
शिंपी न झालेला

ता. क. पार्सलच्या खर्चाला दोनशे रुपये पाठवतोय, हेही फोनवरच सांगेन.