रविवारचा उपास

राजेश्वर,
उपवासकाळ, चौथा आठवडा

प्रिय श्रीमंत,

आधी सवयीनं ‘प्रिय फादर’ लिहिलं होतं. ते खोडलं. कागद वाया जाऊ नये म्हणून त्यावरच पुढं लिहितेय, तेवढं समजून घे. तुझी दीक्षा झाल्यापासून घरात तुला कुणी नावानं हाक मारलेली नाही. मायसुद्धा ‘फादर, जेवता का’ म्हणते. मी थोरली असून ‘अहो-जाहो’ करते. तू आलास की ह्यांची खुर्ची तुला, आणि आम्ही सगळे खाली चटईवर. आज मला धाकट्या भावाला लिहायचंय, फादरला नाही. फोन केला असता, पण तुझ्याकडं सदा कुणीतरी बसलेलं असतं आणि इकडं माय कान लावून असते. डोळे गेले तसे तिचे कान जास्तच तिखट झालेत.

हे सोमवारी उसाच्या बेण्याच्या कामानं तुझ्या अफजलपूरला निघालेत, त्यांच्या हाती ही पिशवी देतेय. आत तुरीची डाळ आहे. गिरणीतूनच भरडून आणली, पण तेलाचा हात लावून चांगली उन्हं दिलीत. तुझ्या स्वयंपाकघरात ओल असते, तेव्हा डाळ पिशवीत ठेवू नकोस. आल्या दिवशीच डब्यात ओत. गेल्या वर्षीसारखी कुणाला तशीच देऊनही टाकू नकोस. स्वतःच्या हातानं ओत.

तुझं महिन्याचं चिंतनाचं पान मिळालं. पान कानडीत असतं, मी वाचत वाचत मायला आपल्या बोलीत सांगते. नाताळच्या पानात घर ही देवाची पहिली वेदी असं तू लिहिलं होतंस, ते तिला फार आवडलं होतं. यावेळी तू उन्हाळ्यावर लिहिलंस. काळ्या रानाला भेगा पडल्या की लोक म्हणतात रान मेलं, पण भेगांतूनच रान श्वास घेतं, आणि ज्या रानाला भेगाळायची मुभा नाही त्यात पुढं पाणी मुरत नाही. मी वाचून पान मिटलं. माय म्हणाली, “परत वाच.” परत वाचलं. मग म्हणाली, “हे देवाचं न्हाई लिहिलं. सोताचं लिहिलंय लेकरानं.”

हे तिला कसं कळलं, असं मला तेव्हाच खटकायला हवं होतं, कारण सोताचं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. येळवसेला, मार्गशीर्षातल्या रानपूजेच्या अवसेला, तू घरी होतास. शेजारच्या रानातल्या गुंडेरावानं आग्रह करून आपल्या सगळ्यांना रानात जेवायला नेलं होतं. कडब्याची कोप, पूजा आटोपलेली, डाळी-पालेभाज्यांच्या भज्जीची आणि आंबिलाची मडकी उघडलेली. गुंडेराव तुला म्हणाला, “फादर, तुमच्या देवाला उपास लागतो, आमच्या देवाला भज्जी! आज एक दिस आमच्याकडं ऱ्हावा.” तू किती दिवसांनी तसा हसलास. पँट दुमडून मातीत फतकल मारून बसलास, दोन्ही हातांनी जेवल्यासारखा जेवलास. मला वाटलं, हा तर आपला श्रीमंत. जेवण झाल्यावर मी भांडी घासायला कोपीमागं आले तर तू तिथं उभा होतास, कडब्याच्या एका ताटाची पानं सोलत. मी विचारलं, काय झालं. तू म्हणालास, रोज सकाळी वेदीपाशी उभा राहतो, ओठ हलतात, आत काही हलत नाही. लोक पायाशी येतात तेव्हा पळून जावं वाटतं. मी घाबरून म्हणाले, मग आता? तू ताट टाकून दिलंस आणि म्हणालास, “माय हाय तोवर.”

एवढंच. पुढं मीही विचारलं नाही. येताना सगळी वाट तू गुंडेरावाशी पाण्यापावसाचं बोलत होतास.

कोपीच्या पलीकडच्या अंगाला सावलीत माय टेकून बसली होती, हे आपल्या दोघांच्याही ध्यानात नव्हतं. कडब्याची भिंत ती, श्रीमंत. तिच्यातून वारा जातो, शब्द अडतो होय?

उपवासकाळ लागला त्या राखेच्या बुधवारी तिनं कपाळाला राख लावून घेतली आणि उपास धरला. साठीनंतर सक्ती नाही हे तूच सांगितलेलं मी तिला ऐकवलं. “सक्तीचा कोण धरायलंय?” म्हणाली. एकवेळ जेवायची, मग अर्धी भाकरी, मग नुसती आंबील. मला शंका येऊ नये म्हणून घास तोंडात घोळवत बसायची. मला तर अभिमान वाटला. शेजारच्या मल्लम्मानं हसत विचारलं, “तुमची माय शिवरात्र महिनाभर धरतीय काय गं?” तर मी ताठ मानेनं म्हणाले, आमच्यात असंच असतं. हे म्हणाले, “म्हातारी संत व्हायलीय, आत्ताच फोटो काढून ठेव.” ज्वारीचं दळण संपायच्या दिवशी डब्यात पीठ बरंच उरलेलं दिसलं. उपासात वाचेल ते गरिबाचं, ही आपली रीत. मी ते पीठ देवळातल्या वाट्याला घातलं. मायचा घास मी पुण्य म्हणून वाटत होते, आणि मला काही दिसत नव्हतं.

दिसलं ते गेल्या रविवारी. रविवारी उपास नसतो, हे मायनंच आपल्याला लहानपणी शिकवलेलं. आठवतं? उपवासकाळातही रविवारी ती गूळ घालून पोळी करायची, म्हणायची, आज प्रभू उठला, आज उपाशी बसायचं म्हणजे त्याच्याशी रुसायचं. देवळातून मिस्सा करून आलो, मी मुद्दाम तशीच पोळी केली, वर तूप सोडलं. तिनं ताट हातानं चाचपलं आणि बाजूला सारलं. “आज माझा उपास हाय.” मी म्हणाले, माय, आज रविवार. “असू दे की.” रविवारचा उपास आपल्यात कुणी देवासाठी धरत नाही.

ह्यांना बाहेर पाठवलं आणि दार लावून तिच्यापुढं बसले. रडले, भांडले, शेवटी तिच्या पायाला धरलं. तेव्हा म्हणाली, “त्याच्या वाटंत मीच बसलेय न्हवं का? मग उठायला नको?” मी म्हणाले, असं मरणं पाप असतंय माय. तर काय म्हणावी? बारीक हसली आणि म्हणाली, “उपासकाळ हाय. कुणाला कळणार होतं? ह्या ईस्टरला तो मोकळा झाला असता.”

श्रीमंत, तू तिकडं ती असेपर्यंत अडकलेला, ती इकडं तुझ्यापायी जगण्यात अडकलेली, आणि दोघांच्या मधे मी, दोघांचंही माहीत असून कुणालाच काही सांगू न शकणारी. चार भिंतींचं घर आपलं, पण त्या दिवशी त्यात मला वारा पुरेना.

मी तुझ्या बाजूची आहे असं समजू नकोस. खोटं कशाला लिहू? मी अजून रोज रात्री जपमाळ करते ती तू फादर राहावास म्हणूनच. देवाला दिलेला शब्द आहे तो. लोक काय म्हणतील तेही मनात येतं, नाही असं नाही. ज्या घरातून फादर निघाला त्या घराकडं लोक वेगळ्या नजरेनं बघतात, आणि ज्या घरात तो परत आला त्याच्याकडंही बघतील. पण रविवारपासून माळेतले मणी पुढं सरकतात आणि मागायचं काय तेच कळत नाही. तुझा शब्द पाळला जावा म्हणून माय उपाशी मरावी, असं मागू? असं कुठल्या देवाला मागायचं?

ती काही केल्या खाईना. दुपारभर झगडल्यावर एकच म्हणाली, “मग पेटीतलं ते फडकं काढ.” तुला ठाऊक आहे कुठलं. दीक्षेच्या दिवशी बिशपांनी तुझ्या तळहातांना तेल लावून ज्या पांढऱ्या कापडानं हात बांधले, ते सोडून तू तिच्या ओंजळीत ठेवलंस. फादरच्या आईच्या हातात ते मरणाच्या वेळी द्यायचं आणि तसंच पुरायचं. सगळ्या गावाला तिनं सांगून ठेवलंय, वर गेले की देव विचारील काय आणलंस, मी हात उघडून दाखवीन. डांबराच्या गोळ्यांत ठेवलंय, पण घडी उलगडली की अजून त्या तेलाचा वास येतो. तिनं ते नाकाशी धरलं, पुन्हा घडी घातली आणि माझ्याकडं दिलं. “हे त्याचं त्याला पाठव. मी रिकाम्या हातानं जाईन. देवानं विचारलं तर सांगीन, लेक घरी हाय.” मी ते घेऊन गुपचूप पेटीत परत ठेवलं. तिनं पेटीचं झाकण वाजलेलं ऐकलं. “श्रीमंतला पोचल्याबिगर मी जेवणार न्हाई,” म्हणाली. श्रीमंत म्हणाली, बरं का. फादर नाही.

तर हे पत्र एवढ्यासाठी. ते कापड डाळीच्या पिशवीत तळाला आहे, स्वच्छ रुमालात गुंडाळलेलं. ह्यांना माहीत नाही. तू तिथंच राहा की घरी ये, ते तू आणि तुझा देव बघा, मी मधे पडणार नाही. पण मायला तुझ्या तोंडून ऐकायचंय की तू तिच्या जाण्याची वाट बघत नाहीस. तुझ्या मनात तसं कधीच नव्हतं, मला माहीत आहे. तिनं मात्र तेच ऐकलंय. नुसत्या आंबिलाच्या घोटावर ती आहे. सोमवारी सांजेपर्यंत हे तुझ्याकडं पोचतील. कुणी बसलेलं असेल तर त्याला उठव, दार लाव, डाळ ओत, आणि मग फोन कर. मायला ‘आशीर्वाद’ म्हणू नकोस. ‘माय, मिळालं, जेव’ एवढं म्हण.

तुझा फोन येईल म्हणून मी तवा चढवून बसते.

तुझीच,
अक्का