सायकल उधारीवर घेण्याआधी

कोंढा, १२ जुलै १९७४, संध्याकाळ

सायकल दारात उभी आहे, तरी मनाची रुखरुख जात नाही. मी मध्ये बोलायला नको होते का?

कापडाचे दुकान बुडाल्यावर कोर्टाने बाबांना नादार ठरवले. व्यापाऱ्यांचा तगादा थांबला, पण अट लागली. पन्नास रुपये किंवा जास्त उधार घ्यायचे, तर देणाऱ्याला नादारी आधी सांगायची. कबूल केलेले पाळायचे, हे मला बाबांनीच मुळाक्षरांबरोबर घरी शिकवले.

आज बाबांबरोबर पवनीच्या दुकानात माझ्या शाळेच्या नोकरीसाठी सायकल पाहिली. भाव ठरला, चहा आला. दुकानदार म्हणाला, "पैशाची घाई नाही काका, पोळ्यानंतर द्या."

बाबा चहाच पीत राहिले. हातात अर्धा कप. दुकानात आणखी चार माणसे. मला राहवले नाही.

"बाबा नादार आहेत," मी बोलून गेले. "उधारीच्या आधी सांगा लागते."

दुकानदार हसला. "पोरी, हे तं अख्ख्या पवनीले मालूम हाये. ने सायकल. भेऊन कायले राहिली?"

"मालूम असलं तरी सांगा लागते," बाबा म्हणाले. "मीच सांगत होतो. चहा तं संपू द्याचा!"

खरेच सांगणार होते? तो अर्धा कप डोळ्यांपुढून हलत नाही. पण परतताना मला मागे बसवून, रस्ता रिकामा असूनही, ते सारखी घंटी वाजवत होते. रागावलेला माणूस असे करत नाही.

घरी आईने चहा दिला. बाबांनी तो एका दमात संपवला, कप उपडा ठेवला आणि मला म्हणाले, "हं, आता बोल!"